मी, कंडक्टरबाईंची भरपाई

मी एक भरपाई बोलतेय. दचकू नका, सरकारी भरपाई नव्हे. ती बोलत नाही आणि मिळतही नाही. मी कापडाची आहे. दुहेरी सुती कापड, आत तीनशे वीस ग्रॅम मोहरी, खाली गोल आणि काखेकडे निमुळती. एका बसच्या कंडक्टरबाईंची उजवी छाती कॅन्सरनं गेली आणि त्या रिकाम्या जागेवर माझी नेमणूक झाली. काम कायमचं, रजा फक्त धुण्याच्या दिवशी.

माझं हे नाव बाईंनीच ठेवलं. ऑपरेशननंतर त्यांनी ऑफिसात अर्ज केला होता की काही महिने मला बसून करायचं काम द्या. ऑफिसचं उत्तर आलं, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. बाई म्हणाल्या, "सहानुभूती राहू द्या तुमच्याकडेच. भरपाई मला टेलरकाकूंनी दिलीय." तेव्हापासून मी भरपाई.

टेलरकाकू म्हणजे माझी आई म्हणायला हरकत नाही. साठीची, डावरी, बायकांचे कपडे शिवणारी आणि जिभेनं कात्रीपेक्षा थोडी जास्त धारदार. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन सात वर्षांपूर्वी झालेलं. दवाखान्याच्या बाकावर मंगळवारी तपासणीला बसल्या होत्या, शेजारी आमच्या बाई. बाईंनी त्या वेळी गणवेशाच्या शर्टात दोन रुमाल कोंबले होते. काकूंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि न राहवून म्हणाल्या, "तुमचा रुमाल पोटाकडे निघालाय."

कोणी दुसरी असती तर रडली असती. बाईंनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "त्याला मागच्याच स्टॉपला उतरायचं होतं."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त मुख्याध्यापिका पुस्तक वाचत बसल्या होत्या, त्या खळखळून हसल्या. त्या हेडबाई. डोक्यावर केस नव्हते, पण भांग पाडल्याचा रुबाब तसाच होता. तिघींची ओळख ही अशी झाली.

त्याच आठवड्यात मी जन्मले. कापूस भरला तर उशी वर चढते, वाळू भरली तर खांदा ओढते, असं काकूंचं मत. मोहरी मात्र अंगाबरोबर हलते आणि अंगाइतकीच गरम होते. काकूंनी बाईंना आरशासमोर उभं केलं आणि चमच्याचमच्यानं मोहरी वाढवत खांदे सरळ होईपर्यंत सोडलं नाही. पाठोपाठ हेडबाईंची झाली, डाव्या बाजूची. ती माझी बहीण. ती माझ्यापेक्षा साठ ग्रॅमनं जड आहे आणि त्याचा तिला फार तोरा आहे.

मग मंगळवारांना रंग चढला. बाई आणि हेडबाईंची दर मंगळवारी वारी असायची, आणि काकू तपासणी नसली तरी यायच्या. घरची माणसं बरोबर यायची तेव्हा कशी आवाज खाली आणून बोलायची, जणू आजार झोपलाय आणि उठायला नको. भेटायला येणारी एकजात एकच वाक्य घेऊन यायची, "मन खंबीर ठेवा." या तिघींनी ते वाक्य मोजायचं ठरवलं होतं. ज्या आठवड्यात जिला ते सगळ्यांत जास्त वेळा ऐकावं लागेल, तिला बाकीच्या दोघींनी चहा पाजायचा. हेडबाई सलग पाच आठवडे जिंकल्या, कारण त्यांचे जुने विद्यार्थी फार. बाई रांगेत उभ्या राहिल्या की सवयीनं ओरडायच्या, "पुढे सरका, पुढे जागा आहे," आणि रांग खरंच सरकायची. मला तिथे फार बरं वाटायचं. बाकी जगात मी लपवायची वस्तू. त्या बाकावर मात्र माझं शिवणकाम दाखवायला काढलं जायचं.

पण सगळे दिवस सारखे नसतात. एका मंगळवारी काकू डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि पिशवी उचलून चालायला लागल्या. सात वर्षांपूर्वी गेलेलं दुखणं परत आलं होतं, या वेळी हाडांत. पूर्ण जाणार नाही, पण दाबून ठेवता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. दर तीन आठवड्यांनी मंगळवारी औषध चढवायचं आणि ते सहा आठवड्यांच्या आत सुरू करायचं. काकू म्हणाल्या होत्या, "नाही. एकदा केलं, पुरे झालं."

पुढच्या मंगळवारी त्या बाकावर आल्या नाहीत. बाईंनी फोन केला तर सुनेनं उचलला. "आई मशीनवर कापड टाकून बसल्यात," ती म्हणाली. "माप द्यायला बायका येतात, त्यांना परत पाठवतात. जेवतात चार घास. माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत हो."

बाई आणि हेडबाई दोघी समजूत घालायला गेल्या. हेडबाईंनी मुद्देसूद सांगितलं, बाईंनी मोठ्यानं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि चहा प्यायच्या आधीच कप उचलून नेले. पालथ्या घड्यावर पाणी. परत येताना बसमध्ये कंडक्टर असूनही बाईंचा स्वतःचा स्टॉप चुकला. मलाही वाईट वाटलं. मोहरीला काय वाटणार, असं तुम्ही म्हणाल. पण मला घडवणारे हात मशीन झाकून बसले होते.

यानंतर जे घडलं ते कोणाच्या शहाणपणानं नाही घडलं. ते घडलं बाईंच्या नवऱ्याच्या प्रेमानं.

हा सज्जन बस डेपोत इंजिनं दुरुस्त करतो. बायकोच्या ऑपरेशननंतर घरातलं धुणं त्यानं आपणहून अंगावर घेतलं आहे. मला धुण्याचा नियम साधा आहे: एका टोकाचे टाके उसवायचे, मोहरी वाटीत काढायची, कापड धुऊन वाळवायचं, मोहरी भरून परत शिवायचं. या माणसानं मला सबंधच्या सबंध स्वतःच्या मोज्यांबरोबर बादलीत भिजत घातलं. दिवसभर. मग पिळलं. मग दोरीवर टाकून म्हणाला, "झकास निघाली."

वरून मी वाळले. आतून मी ओली होते. बाईंनी घाईत मला घातलं आणि ड्यूटीवर गेल्या. अंगाची ऊब, आतला ओलावा, दिवसभर मोटारीची हादराहादरी. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. चौथ्या दिवशी बाईंनी घरी येऊन शर्ट काढला, तर माझ्या शिवणीतून एक हिरवं टोक बाहेर आलं होतं. मला मोड फुटले होते. एका प्रतिष्ठित भरपाईला मोड फुटावेत, याहून मोठी नाचक्की नाही.

नवरा बिचारा लाजून म्हणाला, "आता पाणी घालायचं का?"

बाईंनी मला डब्यात घालून तडक काकूंचं घर गाठलं. काकूंनी डबा उघडला, बघितलं, वास घेतला.

"ही काय शेती लावलीय?"

"ह्यांनी भिजवली, काकू."

"आणि तू चार दिवस घालून फिरलीस? नाक आहे का गहाण टाकलंय?" असं म्हणत काकू उठल्या आणि मशीनवरचं कापड ओढून बाजूला फेकलं. पुढचे दोन तास त्या कापत होत्या, शिवत होत्या आणि बोलत होत्या: बाईंना, बाईंच्या नवऱ्याला, तमाम पुरुषांना, आणि मध्येच सुनेलाही, दिवा नीट लावला नाही म्हणून. सुनेचा चेहरा असा उजळला की जणू आशीर्वाद मिळाला. काम झाल्यावर काकूंनी पोटभर जेवण मागितलं.

बाई दारात चपला घालत होत्या तेव्हा सून हळूच त्यांना म्हणाली, "ताई, अजून काही बिघडवता येईल का?"

तिथून माझ्या हालअपेष्टा सुरू झाल्या. मला नवीन कापड मिळालं होतं, मोहरी नवी, बेतलेली. माझ्यात खोट काढणं म्हणजे शुद्ध अन्याय. तरी दर रविवारी दुपारी बाई मला उसवत, एक चमचा मोहरी काढत, परत शिवत आणि सोमवारी काकूंकडे जाऊन सांगत, "काकू, हलकी वाटते हो." पुढच्या वेळी दोन चमचे जास्त भरून, "खांदा ओढतोय." हेडबाईंची अडचण वेगळी. पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेलं. खोटं बोलणार नाही म्हणाल्या. म्हणून त्या आधी माझ्या बहिणीवर स्वतः बसायच्या, चांगल्या वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत, आणि मग प्रामाणिकपणे जाऊन सांगायच्या, "चपटी झालीय." माझी बहीण त्यानंतर वजनाचा विषय काढत नाही.

औषधाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पण कॅलेंडर सगळ्यांना दिसत होतं. सहातले पाच आठवडे गेले. काकू चिडत होत्या, जेवत होत्या, सुनेशी भांडत होत्या, पण औषध घेणार का, याचं उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. आणि मला भीती वाटत होती, उघड सांगते. काकू मला हातात घ्यायच्या तेव्हा त्यांचा हात आधीपेक्षा हलका लागायचा.

चौथ्या सोमवारी दोघी एकत्र गेल्या; बाईंनी मला टेबलावर ठेवलं, शेजारी हेडबाईंनी माझ्या बहिणीला. "काकू, डावीकडे सरकते."

काकूंनी चष्मा लावला नाही, सुई घेतली नाही. माझ्या टोकावरून अंगठा फिरवला. "तीन आठवडे बघतेय," त्या म्हणाल्या. "मी डावरी. माझा टाका एका अंगाला झुकतो. हा दुसऱ्या अंगाला झुकलाय. आणि झुकलाय कसला, लोळलाय. हा टाका माझा नाही."

चोरी पकडली गेल्यावर बाईंसारखी बोलकी बाईही तिकीट नसलेल्या प्रवाशासारखी खिडकीबाहेर बघायला लागली. हेडबाई म्हणाल्या, "मी खोटं बोलले नाही. मी बसले होते."

"कशावर?"

"हिच्यावर."

काकूंनी माझ्या चपट्या बहिणीकडे बघितलं. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता कमरेत कळ आली म्हणून टेबल धरलं, आणि तरी हसत राहिल्या. हसू थांबलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"मला भीती वाटते गं," त्या बाईंना म्हणाल्या. "मरायची नाही तितकी. त्या खुर्चीची वाटते. मागच्या वेळी चार-चार तास एकटी बसायचे मी तिथे. छत बघत. कोणाला सांगितलं नव्हतं बरोबर या म्हणून, आणि कोणी आलंही नाही."

बाईंनी त्यांचा हात धरला.

काकूंनी नाक ओढलं आणि पुन्हा मला उचललं. "पण हा टाका मला बघवत नाही. उद्या मी नसले तर दवाखान्यातल्या बायका काय असल्या लोळणाऱ्या टाक्यांवर दिवस काढणार? शिकवते तुम्हाला. घरी नाही, घरी तुम्ही नुसता चहा ढोसता. मंगळवारी त्या बाटलीखाली मला चार तास काही उद्योग नसणार. सुया घेऊन तिथे या."

सून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

याला आता वर्ष होत आलं. दर तीन आठवड्यांनी काकू खुर्चीत, एका हाताला नळी, दुसऱ्या हातात छडीसारखी पट्टी. समोर स्टुलांवर या दोघी. आता आणखी चौघी बसतात. नर्स म्हणते, आवाज कमी करा, इथे पेशंट आहेत. काकू म्हणतात, आम्ही कोण मग? मधे तपासणी झाली. दुखणं गेलेलं नाही, पण वाढलेलंही नाही. हेडबाईंनी निकाल जाहीर केला, "पास नाही, पण वरच्या वर्गात ढकललंय." त्या दिवशी चहा काकूंनी पाजला.

माझी मात्र दशा बघा. सरावासाठी म्हणून प्रत्येक वेळी मलाच उसवतात. माझ्या टोकाला इतक्या भोकांची दाटी झालीय की मोहरीचे दाणे बाहेर डोकावतात. कधी काळी मी या दवाखान्यातली सर्वांत देखणी भरपाई होते. आता मी पाटी आहे, कोणीही यावं, गिरवावं, पुसावं. माझी कुरकुर आहे, पण गाऱ्हाणं नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट सांगून रजा घेते. बाईंनी मला शिवून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. पुन्हा एकदा फिरवला. मी काकूंच्या पहिल्या टाक्यापासूनची आहे, मला टाका कळतो. तो टाका सरळ होता, घट्ट होता, त्यात काढायला खोट नव्हती. काकूंनाही ते कळलं. त्यांचा अंगठा शेवटच्या गाठीवर थांबला तेव्हा मला जाणवलं.

मग त्यांनी कात्री उचलली. "नाही जमलं अजून," त्या म्हणाल्या. "उसव. पुढच्या वेळी परत."

बाईंनी मान खाली घालून उसवायला घेतलं. म्हणून तुम्हाला एक विनंती. कधी त्या दवाखान्यात गेलात आणि काकूंनी मला तुमच्या हातात देऊन टाका कसा झालाय विचारलं, तर नीट निरखून बघा, नाक मुरडा आणि सांगा की अजून बरंच शिकायचं बाकी आहे.