ब्रिजमनची शेवटची चार पानं

लोरीन हॅसकॅम्पने टेबलावर शिवणकामाची कात्री ठेवली आणि तिच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी उभी केली. ‘सही फक्त शेवटच्या पानावर मिळेल. आधी पिशवी फोडा, अंक वाचा, मग या.’ चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तिचं अक्षर एका ओळीत, एका उंचीचं होतं. आयुष्याची वीस वर्षं तिने कॉमिक्समधल्या संवादांच्या फुग्यांमध्ये अक्षरं लिहिली होती, तेही हाताने.

ओहायोतल्या डेटन शहरी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर एप्रिलला एका शनिवारी जुन्या कॉमिक्सचा बाजार भरतो. शेजारच्या टेबलावर टेडी ऑल्ब्रायटची खोकी होती. त्याने पाटी वाचली आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

“लोरीन, एकही माणूस पिशवी फोडणार नाही. लिहून देतो.”

“फोडतील.”

“माझ्या खोक्यात या अंकाच्या चाळीस प्रती आहेत. एक तुम्हीच फोडा आणि ठेवा समोर. येणारा-जाणारा चाळेल तरी.”

“चाळायला नकोय मला. स्वतःच्या हाताने फोडलेलं माणूस वाचतो.”

टेडीने खांदे उडवले. त्याचंही बरोबर होतं म्हणा. त्र्याण्णव साली अख्ख्या देशाला कॉमिक्सचं वेड लागलं होतं, पण वाचायचं नव्हे, साठवायचं. कुणाच्या तरी माळ्यावरच्या जुन्या अंकाला घराची किंमत आली अशी बातमी झळकली, आणि दातांच्या डॉक्टरांपासून बसड्रायव्हरपर्यंत जो तो एकेका अंकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती घ्यायला लागला. मुलांच्या कॉलेजची सोय होणार होती त्यातून. कंपन्याही काही कमी नव्हत्या. त्यांनी अंक काळ्या पिशवीत घालून चिकटवून टाकले. पिशवी फोडली की किंमत गेली, म्हणून कुणी फोडेना. लाखांनी छापलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. दोन-तीन वर्षांत सगळं कोसळलं, आणि ती खोकी आजही ज्याच्या-त्याच्या तळघरात ओल खात पडली आहेत.

त्या खोक्यांत लोरीनच्या नवऱ्याचा ब्रिजमन होता. ऑरिन हॅसकॅम्पने त्याचे अठरा अंक लिहिले होते, फुग्यांतली अक्षरं लोरीनची. ओहायो नदीकाठच्या एका गावातला हा नायक. उडता यायचं नाही, डोळ्यांतून आग यायची नाही. जोवर सोडत नाही तोवर कितीही वजन तो धरून ठेवू शके, एवढीच त्याची ताकद. अठराव्या अंकात अख्खा पूल त्याच्या अंगावर येतो. त्या काळ्या पिशवीवर कंपनीने लाल अक्षरांत छापलं होतं, ‘ब्रिजमनचा मृत्यू!’

अंक धो-धो खपला. आणि त्याच्या शेवटाबद्दल एकही माणूस एक शब्द बोलला नाही. ऑरिन पत्रांची वाट बघत राहिला. महिन्याभरात कंपनीला टाळं लागलं, पत्रांची आशाही संपली.

“शेवट फसला, लोरी,” तो म्हणायचा. “वाईट असता तर शिव्या तरी दिल्या असत्या. लोकांना काही वाटलंच नाही.”

कंपनीने पाठवलेल्या दहा प्रती, पिशव्यांसकट, त्याने एका सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. मग तो फरशीच्या दुकानात लागला आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिला. पुढे त्याने वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. गेल्या ऑक्टोबरात तो गेला. लोरीनने तेव्हाच ठरवलं होतं, की एक तरी माणूस हा शेवट वाचून आपल्यासमोर त्याबद्दल बोलला पाहिजे. चांगलं बोलो की वाईट. त्याशिवाय ती गप्प बसणार नव्हती.

दुपारपर्यंत अकरा जण आले. सगळ्यांच्या हातात न फोडलेली पिशवी आणि चंदेरी पेन. सही पिशवीवरच हवी. लोरीनने अकराही जणांना कात्री दाखवली, आणि अकराही जण विंचू बघावा तसे मागे सरले. एक बाई तर म्हणाली, “माझ्या भावाची आठवण आहे ही, फोडू कशी?” लोरीनने विचारलं, “भावाने तरी वाचला होता का?” ती बाई रागावून निघून गेली. लोरीनला वाईट वाटलं, पण पाटी तिने काढली नाही.

दीडच्या सुमारास ड्वेन किफर आला. पन्नाशीचा, घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या आणि त्यांचे पत्र्याचे नळ दुरुस्त करणारा माणूस. काखेत प्लॅस्टिकचा डबा, डब्यात अठराव्या अंकाच्या दहा प्रती.

“मॅडम, एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा घेतल्या या. दहाही पिशव्यांवर सही द्या, आलो तसा जातो.”

“पाटी वाचली का?”

“वाचली. पण मी काही फोडायचा नाही.”

“विकून बघितल्यात?”

ड्वेन जरा ओशाळला. “दोनदा. कुणी घेत नाही.”

“मग कुणासाठी जपताय?”

“सवय झालीय,” तो म्हणाला. “बायको म्हणते, एक तर हा डबा ठेव नाही तर मला.”

“बरं, आत काय आहे ते तरी माहीत आहे?”

“म्हणजे काय? ब्रिजमन मरतो.”

“कुणी सांगितलं?”

“पिशवीवरच लिहिलंय.”

“पिशवीवर लिहिलंय म्हणून तीस वर्षं सुतक पाळताय होय?” लोरीनने कात्री पुढे सरकवली. “माझ्या नवऱ्याने लिहिलंय ते. तो गेला. तुमच्याकडे दहा आहेत. एक फोडा. मग उरलेल्या नवांवर हवं तिथे सही देते, तुमच्या कपाळावर म्हणालात तर तिथेही.”

टेडी पलीकडे खोकला, पण तो हसत होता हे दिसत होतं. ड्वेनने डब्यातून त्यातल्या त्यात चुरगळलेली प्रत निवडली. कात्रीचा आवाज झाला तेव्हा त्याने डोळे मिटले होते.

लोरीनने त्याला खुर्ची दिली. तो वाचायला लागला, आधी उपकार केल्यासारखा, मग पुढे झुकून. एकदा तो हसला. एकदा मागचं पान उलटून पुन्हा बघितलं. लोरीन त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. शेवट जवळ आला तसे तिने हात मांडीवर घट्ट धरले.

“हे काय?” ड्वेनने मान वर केली. “संपलं कुठे?”

“म्हणजे?”

त्याने अंक तिच्यासमोर धरला. पूल कोसळलेला, नदीवर धूळ, आणि खाली चौकटीत ठळक अक्षरं. तिच्या हातची नव्हती ती. ‘ब्रिजमन मेला का? शेवट पुढच्या महिन्यात, चंदेरी कव्हरच्या खास अंकात!’ त्यापुढे चार पानं बुटांच्या आणि खेळाच्या पत्त्यांच्या जाहिराती.

लोरीन उठली. टेडीच्या खोक्यातून तिने न विचारता एक प्रत घेतली, फोडली. तेच. आणखी एक फोडली. तेच.

कंपनीने शेवटची चार पानं बाजूला काढून ठेवली होती, आणखी एक अंक विकायला. ऑरिनला कुणी कळवलंही नव्हतं. आणि तो खास अंक निघायच्या आतच कंपनी बुडाली.

लोरीन परत आपल्या खुर्चीवर येऊन बसली. त्याचा शेवट फसला नव्हता. तो कुणाला मिळालाच नव्हता. पिशवी फोडणाऱ्या थोड्या लोकांनाही नाही. दहा प्रती घरात पडून होत्या. त्यातली एक जरी फोडली असती तरी ऑरिनला कळलं असतं. पण दोघांनाही वाटलं, आपणच केलेलं आपण काय वाचायचं? ती स्वतःवरच इतकी चिडली की तिला रडूसुद्धा येईना.

“मॅडम, पाणी आणू?” ड्वेनने विचारलं.

“पाणी नको. टेडी, ते पांढरे पुठ्ठे दे. अंक मोडू नये म्हणून मागे घालतोस ते. चार दे.”

“काय करताय?”

“शेवटाची अक्षरं मीच लिहिली होती. शेवटचं वाक्य ऑरिनने तीनदा बदललं, तीनदा वर कागद चिकटवून नवं लिहिलं मी. शब्द न् शब्द पाठ आहे.”

पुठ्ठे बरोबर अंकाच्या आकाराचे होते. तिने पेन काढलं. बोटांची पेरं सुजलेली होती. पहिली चौकट वाकडी आली, दुसरी त्याहून वाकडी. “चित्र मला येत नाही,” ती ड्वेनला म्हणाली. “काय होतं ते तोंडी सांगते. पुलाखाली अंधार. हा गुडघ्यावर. मग बेकरीवाली बाई उतरते, तिच्यामागे शाळेचा शिपाई, मग सगळं गाव.” ती लिहीत गेली. ड्वेन उलट्या बाजूने वाचत गेला.

‘सोड आता. आम्ही धरलंय.’

‘सगळ्यांना पेलेल?’

‘तुला एकट्याला पेललं ना?’

चौथ्या पुठ्ठ्यावर एकच चौकट होती. गावाकडे जाणारा रस्ता, पाठमोरा माणूस, आणि फुग्यात, ‘मग मी घरी जातो. भूक लागलीय.’

“मरत नाही?” ड्वेन म्हणाला.

“नाही.”

त्याने चारही पुठ्ठे पुन्हा एकदा चाळले. मग त्याने नाक ओढलं. “सांगू का? मला पटलं नाही.”

लोरीनने पेन खाली ठेवलं. “बोला.”

“अठरा अंक हा एकटा मरमर मरतोय, आणि गावाला आत्ता जाग येते? आधी कुठे होते सगळे? आणि ती बेकरीवाली, तिला तर यानेच दोनदा वाचवली असणार. तिने तरी आधी यायचं.”

“एकदा,” लोरीन म्हणाली. “सातव्या अंकात.” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “हेच मी त्याला म्हटलं होतं. अगदी हेच. दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी.”

“मग काय उत्तर दिलं त्याने?”

“म्हणाला, हाक मारल्याशिवाय कोण येतं? याने अठरा अंकांत एकदाही हाक मारली नाही.”

ड्वेन विचारात पडला. “तरी नाही पटत,” तो म्हणाला, पण आवाज तितकासा ठाम नव्हता. त्याने डबा पुढे ओढला, उरलेल्या नऊ प्रती बाहेर काढल्या आणि कात्री उचलली.

“अहो, काय करताय? त्यांवर तर सही देणार होते मी.”

“या अर्धवट अंकांचं काय करू?” त्याने पहिली पिशवी कापली. या वेळी डोळे मिटले नाहीत. “शेवट घाला यांतही.”

“नऊ वेळा? बोटं बघताय ना माझी?”

“चौकटी मी आखतो. रोज पत्र्यावर आखतो, रेष सरळ येते माझी. तुम्ही फक्त अक्षरं लिहा.” त्याने खुर्ची तिच्या बाजूला आणली. “टेडीसाहेब, छत्तीस पुठ्ठे द्या. आणि पट्टी असेल तर.”

टेडीने पट्टी दिली, आणि पुठ्ठे मोजता मोजता स्वतःच्या खोक्यातली एक फोडलेली प्रत हळूच त्या ढिगाखाली सरकवली.

“पण मला पटलेलं नाही हं,” पहिली रेष ओढत ड्वेन म्हणाला.

“ठाऊक आहे,” लोरीन म्हणाली आणि तिने पेन उचललं. “लिहिता लिहिता ऐकते. पुन्हा पहिल्यापासून सांगा.”