यंत्राच्या डोळ्यात कुंकू

दसऱ्याच्या दिवशी घरातलं एकही हत्यार बिनकुंकवाचं ठेवायचं नाही, हा आनंदाबाईचा कायदा होता. आणि कायदा म्हणजे कायदा! विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, मिक्सर, कुणी सुटायचं नाही. गेल्या वर्षी तिनं टीव्हीच्या रिमोटलाही कुंकू लावलं आणि पुढे दिवाळीपर्यंत त्याचं आवाजाचं बटण चिकटून बसलं. वडनेरच्या त्या गल्लीत कुणी हसलं तर ती ठणकावून सांगायची, "ज्याच्या जिवावर खातो त्याले वर्षातून एकदा हात जोडाले काय जाते तुमचं?"

यंदा मात्र तिचं चित्त पूजेत नव्हतं. दार उघडं-बोडकं होतं. झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण सकाळीच गुंफून तयार झालं होतं आणि ओल्या फडक्याखाली टोपल्यात पडून होतं. तोरण बांधायचं ते अण्णाजींनी, तिच्या नवऱ्यानं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हेच चालत आलं होतं. उंबऱ्यावर उभं राहायचं, उजवा हात वर न्यायचा आणि चौकटीच्या खिळ्यांना तोरण अडकवायचं. पण आषाढात जामच्या रस्त्यावर चिखलात मोटारसायकल घसरली आणि अण्णाजींचा नेमका तोच खांदा मोडला.

हाड केव्हाच जुळलं होतं. हिंगणघाटच्या डॉक्टरनं स्वतःच्या हातानं त्यांचा हात पार डोक्यावर नेऊन दाखवला होता. म्हणाला, "काका, खांदा मोकळा आहे. भीती धरून बसलीय ती सोडा. रोज हात वर न्या, नाहीतर सांधा आखडेल आणि मग काही केल्या उघडायचा नाही." पण ऐकतील तर ते अण्णाजी कसले! हात पोटाशी धरून, पाखराचा मोडका पंख सांभाळावा तसा सांभाळत ते दिवसभर खाटेवर बसून राहायचे. रोज सकाळी आनंदाबाई विनवायची, मग ओरडायची, मग रडायची. अण्णाजींचं उत्तर एकच, "कडकन आवाज आलता आतून. तुले ऐकू आला नाई, मले आलता."

"मी बांधू का तोरण, बाबा?" वर्षालीनं सकाळी विचारलं होतं.

"ठेव ते खाली! या दाराले मीच बांधीन, नाई तं दार तसंच राहीन."

राहू दे मग तसंच. आनंदाबाईनं टोपल्यावरचं फडकं सारखं केलं. सणाच्या दिवशी तोंडाला तोंड कोण देणार?

वर्षाली ही त्यांची लेक. हिंगणघाटात तिनं दिपाली नावाच्या मैत्रिणीबरोबर खेळाचं दुकान काढलं होतं. डोळ्यांवर यंत्र चढवायचं आणि दुसऱ्याच दुनियेत जायचं, असे खेळ. गावातल्या बायका विचारायच्या, "पोरगी काय विकते वं?" आणि आनंदाबाईला सांगता यायचं नाही. आज पोरगी ते यंत्रच पिशवीत घालून घेऊन आली होती. तिनं आईला गुपचूप सांगून ठेवलं होतं, "खेळता खेळता मानूस आपलं दुखनं विसरून जाते, मी रोज पाह्यते. बाबाले एकदा घालून पाहू. पन आतल्या काचांले हात लावजो नको हं, आई."

एवढं सांगून ती आपट्याची पानं आणायला शेताकडे गेली.

आतल्या काचांना आनंदाबाईनं बोटही लावलं नाही. शपथ! यंत्र पाटावर ठेवलं, त्याच्यासोबतच्या हातात धरायच्या दोन मुठी शेजारी मांडल्या, झेंडूची फुलं वाहिली. यंत्राचं तोंड पांढरं गुळगुळीत, आणि त्यावर चार काळे ठिपके. टिळ्यासाठीच जागा काढून ठेवल्यासारखे! तिनं चारी ठिपक्यांवर तेलात कालवलेलं कुंकू नीट, गोल, मन लावून टेकवलं. हात जोडून म्हणाली, "माह्या मानसाचा हात वर करून दे बापा. बाकी काई मांगत नाई." मग रिमोट आठवला. पोरगी ओरडेल म्हणून तिनं पदरानं सगळं कसं स्वच्छ, चकचकीत पुसून ठेवलं. पदराला मघाशी वडे तळतानाचं तेल होतं, ते कोणाच्या ध्यानात राहतं?

दुपारी जेवणं झाली. वर्षालीनं बैठकीतली खाट, टेबल, पाण्याचा माठ, सगळं भिंतीला सारलं. मधे मोकळी जागा केली, दिवा लावला, खिडकीतून ऊन थेट येत होतं तिथे चादर टांगली.

"भरदिवसा दिवा काऊन?" अण्णाजींनी विचारलं.

"याले पाह्याले उजेड लागते, बाबा. आन काचेतून ऊन आत गेलं तं आतला पडदा जळते."

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर, सणाचं पोरीला नाराज कशाला करायचं म्हणून, अण्णाजी उभे राहिले. वर्षालीनं यंत्र त्यांच्या डोळ्यांवर बसवलं, मागचा पट्टा आवळला, दोन्ही हातांत मुठी दिल्या. आनंदाबाई श्वास रोखून बघत होती.

अण्णाजींनी मान वळवली आणि लगेच लडखडले. "अवं! अवं, हे काय! सारं पोहून राह्यलं! धर मले!" डाव्या हातानं त्यांनी यंत्र ओरबाडून काढलं आणि मटकन खाटेवर बसले. चेहरा घामेजला होता. "चक्कर आली. पाडतं मले दुसऱ्यांदा? उचला ते झेंगट!"

झालं! एवढ्या आशेनं मांडलेला डाव पहिल्याच फटक्यात उधळला. वर्षालीनं यंत्र बंद केलं, चालू केलं, स्वतः घालून बघितलं. तिचंही तोंड उतरलं. "काल तं ठीक होतं. आई, याले काई धक्का लागला का?"

"नाई वं माय. मी तं पाटावर ठेवलं होतं."

"मंग याले दिसत काऊन नाई?"

"त्याले दिसाले काय डोळे आहेत?"

वर्षालीनं यंत्र आईसमोर धरलं. "हे काय, चार काळे ठिपके! हेच याचे डोळे. बारके बारके कॅमेरे आहेत ते. भिंत कुठी, माठ कुठी, हातातल्या मुठी कुठी, हे सारखं पाह्यत राह्यते. आपन मान वळवली की याले तवाच समजते, आन आतलं चित्र बी त्याच घडीले वळते. म्हनून आपल्याले खरं वाटते. याले दिसलं नाई तं चित्र भलतीकडंच जाते आन चक्कर येते. आमच्या दुकानातल्या मोठ्या यंत्राले तं वायर लागते, तगडं कॉम्प्युटर लागते, भिंतीवर डब्या लावा लागते. याले तसं काई नाई. याचं सारं या चार डोळ्यांवर."

आनंदाबाईनं ते ठिपके पुन्हा मोजले. चार डोळे, आणि तिनं चारी डोळ्यांत बोटभर कुंकू घातलं होतं! वर तेलकट पदरानं चोळलंही होतं!

"वर्षाली," ती हळूच म्हणाली, "मी त्याले टिळे लावले वं. नेमके तिथीच."

वर्षालीनं ठिपक्यावरून बोट फिरवलं. बोटाला लालसर चिकटा आला. पोरगी आधी आईकडे बघत राहिली आणि मग असं हसू फुटलं तिला की तिथेच खाली बसली. "आई! देवाच्या डोळ्यात कुंकू घालते का कोनी!"

"मले काय माहीत ते डोळे होय म्हनून! मले वाटलं कपाळ होय!" आनंदाबाईला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं. पिशवीतून मऊ फडकं काढून वर्षालीनं ते चारी डोळे पुसले, लेकराचे डोळे पुसावे तसे हलक्या हातानं.

पण अण्णाजी आता हटून बसले. ब्रह्मदेव आला तरी घालणार नाही म्हणाले.

"मंग मी घालते," आनंदाबाई म्हणाली. आणि ती हे का म्हणाली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आपणच बिघडवलं होतं, आपणच तपासून पाहावं, एवढंच तिच्या मनात आलं.

वर्षालीनं यंत्र चढवलं, काचा तिच्या डोळ्यांच्या अंतराला जुळवल्या. आधी काळोख. मग उजाडलं.

अगं माय माय माय!

बैठक गेली. भिंती गेल्या. ती एका मचाणावर उभी होती आणि चहूकडे नजर पोचेल तिथवर पिवळंधमक पीक डोलत होतं. लांब निळे डोंगर होते. तिनं वर बघितलं तर आभाळ, आणि आभाळात ढग चालत होते. मागे वळली तर मागेही रान! चित्र असतं तर मागे भिंत लागली असती ना? तिनं खाली बघितलं आणि किंचाळली, "वर्षाली! माहे पाय कुठी गेले?"

"आहेत, आई! यात पाय दिसत नाई, निसते हात दिसते."

खरंच, हात होते. पण तिचे नव्हते. बांगड्या नाहीत, सुरकुत्या नाहीत. ती बोटं मिटायची तेव्हा ते मिटायचे. ती मचाणाच्या लाकडाला हात लावायला गेली तर लागलं काहीच नाही, हवाच. साठी जवळ आलेल्या त्या बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हे खरं कसं दिसते वं?"

"तू सुईत दोरा ओवतांना एक डोळा मिटते ना? मंग दुसरा मिटला की सुई जराशी सरकली वाटते. दोन डोळ्यांले दोन वेगळी चित्रं दिसते, आन आपलं डोकं त्यांचं एक करते. इथी बी तेच. दोन काचा, दोन चित्रं. बाकीचं तुझंच डोकं करून राह्यलं."

आपल्याच डोक्यात एवढं मोठं रान मावतं? आनंदाबाईला वाटलं, आपण जन्मभर स्वयंपाक, कपाशीची वेचणी आणि सोयाबीनची सोंगणी करत आलो आणि हे असलं काही डोक्यात आहे याची कुणी खबरही दिली नाही. तिला भरूनच आलं.

तेवढ्यात पाखरं आली. हिरव्या राघूंचा थवाच्या थवा वरून उतरला आणि कणसांवर बसला.

"मूठ आवळ, धोंडा हातात येईन! मंग फेक! फेकतांना मूठ सोडजो!" वर्षाली ओरडली. आनंदाबाईनं फेकला. धोंडा पायाशीच पडला. दुसरा मागे गेला. पाखरं मजेत पीक फस्त करत होती.

आता, तिला जे दिसत होतं तेच वर्षालीच्या मोबाईलवरही दिसत होतं, आणि तो मोबाईल पोरीनं हळूच खाटेवर अण्णाजींच्या पुढ्यात ठेवला होता. पोरगी बापाची! अण्णाजी आधी तिरक्या नजरेनं बघत होते, मग वाकून बघायला लागले.

"ज्वारी होय का हे?"

"ज्वारी नाई, बाबा. कोनतं तरी परदेशातलं पीक आहे."

"मले शिकवते! ज्वारी होय ते. आता या शिवारात कोनी पेरत नाई, म्हनून तुमी पोट्टे वळखत बी नाई." आणि मग आवाज चढला, "अवं आनंदा, काय करून राह्यली! सारं कणीस खाल्लं त्या राघूनं! वरून फेक ना, वरून! अशी भीक घातल्यासारखी काय फेकते?"

"तुमाले जमते तं तुमी फेका!" आतून आनंदाबाई म्हणाली.

बस्स. जवानीत गोफण घेऊन मचाणावर उभा राहणारा माणूस तो! त्याच्या ज्वारीवर पाखरू बसायला भ्यायचं, असं अख्खं वडनेर म्हणायचं. तो उठला. "काढ ते. दे इकडं."

यंत्र त्यांच्या डोळ्यांवर चढलं. या खेपेला काही पोहलं नाही. अण्णाजींनी मान हळूच फिरवली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वर बघितलं. मग त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अरे बापा. केवढी पिकली रे."

आणि पाखरं उतरली.

"हाऽऽल्या! हट! हट तुझ्या!"

पहिला धोंडा कमरेतून गेला. दुसरा छातीच्या उंचीवरून. तिसऱ्या खेपेला एक राघू उंच, अगदी डोक्यावर घिरट्या घालत होता, आणि अण्णाजींचा उजवा हात पोटापासून सुटला, कानाजवळून गेला, आणि वर गेला. पार वर. छताकडे.

आनंदाबाईनं तोंडावर पदर दाबला. वर्षालीनं बोट ओठांवर ठेवलं. दोघीही हलल्या नाहीत. रिकाम्या बैठकीत, चादरीआडून येणाऱ्या उजेडात, एक माणूस उभा होता आणि कोणाला न दिसणारी पाखरं हाकलत होता. हात पुन्हा पुन्हा वर जात होता. नवस बोलून, पाया पडून, भांडून जे झालं नव्हतं ते समोर होत होतं आणि ज्याचं होत होतं त्याला पत्ताच नव्हता.

खेळ संपला. अण्णाजींनी यंत्र काढलं. धाप लागली होती. "खांदा ठणकून राह्यला," ते म्हणाले, आणि मग दोघींचे चेहरे बघून थबकले. "काय झालं?"

"बाबा, तुमचा हात कुठवर गेलता, माहीत आहे?"

"कुठवर?"

वर्षालीनं स्वतःचा हात डोक्यावर नेऊन दाखवला.

अण्णाजी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "तोरण कुठी आहे?"

तोरणाचं एक टोक घेऊन ते उंबऱ्यावर उभे राहिले. पण आता ज्वारी नव्हती, रान नव्हतं. होता तो फक्त आपला दरवाजा आणि आपला खांदा. हात कानापर्यंत गेला आणि अडला. तोंड आवळलं, कपाळावर घाम आला. खिळा बोटभर वर राहिला. हात खाली यायला लागला.

आनंदाबाईनं चौकटीकडे बोट केलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "अहो, राघू! राघू बसला पाहा खिळ्यावर!"

"हट!" अण्णाजी म्हणाले, आणि हात वर गेला. झेंडू खिळ्याला अडकला.

गल्लीतून सोनं वाटत शेजारची देवकाबाई चालली होती. ती थांबली. "काय अण्णाजी, कोनाले हात दाखवून राह्यले?"

"पाखरं हाकलून राह्यलो," अण्णाजी म्हणाले. हात अजून वरच होता. खाली घ्यायचं त्यांच्या मनातच नव्हतं.

मग त्यांनी मागे वळून बायकोकडे बघितलं. "आन तू काऊन रडते वं, सनासुदीचं?"

"रडते कुठी," पदरानं डोळे पुसत आनंदाबाई म्हणाली. "कुंकू गेलं डोळ्यात."