न पुसलेलं वेळापत्रक

मी बोलतोय, छोटीच्या खोलीतला पांढरा फळा. आजवर माझ्यावर लोकांनीच लिहिलं आणि लोकांनीच पुसलं, त्यामुळे माझं म्हणणं काय, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. स्वभावाने मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकतो. हातात डस्टर घेतलेला माणूस दिसला की मला भिंतीवरून उतरून पळावंसं वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यावर पांढरा गुळगुळीत लेप, चारी कडांना पट्टी, पाठीला दोन कड्या, की झाला फळा तयार. तिथून मी एका ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीत गेलो आणि तिथे मला माणसांची एक खोड कळली. एखादं काम माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल काढला, की ते निम्मं झाल्यासारखंच त्यांना वाटतं. मग चहा येतो, गप्पा होतात. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच काम, तोच गोल, फक्त शाई वेगळी.

पुढे त्या खोलीत मोठा स्क्रीन आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाडूंच्या सोबतीला झाली. तिथल्या एका भल्या कारकुनाने साहेबांना विचारून मला उचललं आणि बसमध्ये लोकांची बोलणी खात बहिणीच्या घरी आणलं. भाचीला म्हणाला, यावर अभ्यासाचं नीट आखून घे, म्हणजे गाडी रुळावर येईल.

भाची म्हणजे छोटी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, उंचीने आईच्याही वर गेलेली, पण घरात अजून छोटीच. घरात माणसं दोनच, ती आणि तिची आई. आई इस्पितळात नर्स, ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर छोटीच्या मानगुटीवर बसला होता. एकदा त्यात ती नापास झाली होती आणि पुन्हा द्यायचा होता.

छोटीने मला पलंगासमोर टांगलं आणि काय कौतुक केलं माझं! पट्टी लावून चौकटी आखल्या. वाचायचं निळ्यात, गणितं हिरव्यात, उजळणी लाल रंगात. जेवण, झोप, अंघोळ, सगळ्याला जागा दिली. त्यात सकाळचा वेळ गेला, दुपारही गेली. संध्याकाळी लांब उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने पुस्तक मिटून ठेवलं. मला ऑफिसचे साहेब आठवले.

सोमवार नीट गेला. मंगळवारी एक मैत्रीण आली आणि बसली ती बसलीच. बुधवारी छोटी मंगळवारचं राहिलेलं घेऊन बसली, तसं बुधवारचं राहिलं. गुरुवारी तिने डस्टर उचललं. एक चौकट बिघडली तर ती सोडून पुढची धरायची की नाही? पण नाही. सोमवारची झालेली गणितंसुद्धा तिने पुसून टाकली आणि नव्याने आखायला बसली. असं किती वेळा झालं, मला मोजताही येणार नाही. दर वेळी वेळापत्रक आधीपेक्षा देखणं व्हायचं आणि दर वेळी परीक्षा जवळ आलेली असायची.

पेपरच्या सकाळी ती गेली आणि लगेचच परत आली. दप्तर खांद्यावरच होतं. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी आईने विचारल्यावर म्हणाली, बरा गेला. माझ्या अंगावरच्या निम्म्या चौकटींतलं अजून व्हायचंच होतं. मला सगळं दिसत होतं, पण मला कोण विचारणार?

निकाल लागला. त्यात नापास नव्हतं लिहिलेलं, गैरहजर लिहिलं होतं. आई पलंगाच्या कडेला येऊन बसली.

“नापास झाली असतीस तरी चाललं असतं गं,” ती म्हणाली. “पण तू गेलीच नाहीस?”

“गेटपर्यंत गेले होते. निम्मं राहिलं होतं, आई. काय लिहिणार होते मी?”

आई उठून स्वयंपाकघरात गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आता एकच संधी उरली होती. या वेळी हा विषय सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता.

छोटी पुन्हा माझ्यासमोर पट्टी घेऊन उभी राहिली आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. पुन्हा तेच! निळा मार्कर सुकत आला होता, म्हणून तिने टेबलावरचा काळा उचलला. तो होता आईचा, इस्पितळात बाटल्यांवर नावं घालायचा. घाईत तिने बघितलंच नाही. परीक्षेपर्यंतचं सगळं वेळापत्रक त्या काळ्या शाईने लिहून काढलं.

आठवड्याच्या मध्यात नेहमीसारखं घोडं अडलं. तिने डस्टर घेतलं, फिरवलं, आणि अक्षर जागचं हललं नाही. थुंकी लावून बघितली. ओलं फडकं झालं, भांड्यांचा साबण झाला. घासून घासून माझी पाठ भिंतीवर आपटत होती. “आई, हे जात नाहीये!” ती रडकुंडीला आली. आईने मार्कर हातात घेऊन पाहिला आणि तिला हसू आवरेना. म्हणाली, स्पिरिटने जाईल, उद्या आणते.

दुसऱ्या दिवशी आईला दुप्पट ड्यूटी लागली आणि ती विसरली. मग विसरतच राहिली. तोवर छोटीला माझ्याच समोर राहायचं होतं. हुकलेला मंगळवार तिच्याकडे टक लावून बघत होता. आधी तिने माझ्यावर ओढणी टाकली. मग ओढणी काढली. मग वैतागून हिरव्या मार्करने हुकलेल्या गणितांपासून शनिवारपर्यंत एक वाकडा बाण ओढला, आणि मंगळवार तसाच सोडून गुरुवारच्या धड्याला बसली. तिने तो धडा संपवला.

त्यानंतर माझं रूप पार बिघडलं. इकडून तिकडे बाण, झालेल्या चौकटींवर फुल्या, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘हे सोपं, आधी कर’. ज्यावर परीक्षेत हमखास विचारतात ते पुढे आलं, जे डोक्यावरून जात होतं ते मागे गेलं. दिसायला मी एवढा गबाळा कधीच नव्हतो, पण झालेल्या कामाच्या खुणा पहिल्यांदाच माझ्या अंगावर टिकून राहिल्या होत्या.

एका दुपारी आई स्पिरिट आणि कापूस घेऊन आली. बोळा भिजवून माझ्याजवळ आली, तो वास आला आणि माझी पाचावर धारण बसली.

“आता नको पुसूस,” छोटी म्हणाली. “कोरा झाला की मी परत पहिल्यापासून आखत बसेन.”

आई थांबली. बाटलीला झाकण लावून तिने ती कपाटावर ठेवून दिली.

परीक्षेच्या सकाळी माझ्यावर तीन चौकटी फुलीविना राहिल्या होत्या. छोटी दप्तर घेऊन माझ्यासमोर उभी होती आणि तिची नजर त्या तिघींवरून हलत नव्हती. झालेल्या फुल्यांनी मी भरून गेलो होतो, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं. मला वाटलं, मीच घात करतोय पोरीचा. त्या दिवशी मी स्वतःहून कोरा व्हायला तयार होतो.

“गेटपर्यंत येऊ का?” आईने दारातून विचारलं.

छोटीने नको म्हणून मान हलवली आणि एकटीच गेली. थोड्या वेळाने आईही ड्यूटीला गेली. मग रिकाम्या घरात माझा जीव टांगणीला लागला. जिन्यावर पावलं वाजली. इतक्या लवकर? पण ती पावलं वरच्या मजल्यावर गेली. पुन्हा वाजली, पुन्हा वर गेली. पलंगावर ऊन आलं, सरकलं, खाली फरशीवर उतरलं. छोटी आली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी घरी येऊ नये असं मी मनापासून मागत होतो.

ती आली तेव्हा आई परतली होती. छोटीच्या बोटांना शाई लागली होती.

“कसा गेला?”

“राहिलेल्यातला एक प्रश्न आलाच. तो सोडला.” तिने दप्तर खाली ठेवलं. “बाकीचे लिहिले. शेवटची घंटा होईपर्यंत बसले होते.”

आईने तिची शाईची बोटं हातात घेतली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाहीत.

निकाल अजून लागलेला नाही. रोज सकाळी छोटी फोन बघते आणि मी तिचा चेहरा बघतो. ती पास होईल की नाही, मला खरंच माहीत नाही. मी आपला बाण आणि फुल्या अंगावर घेऊन भिंतीवर आहे, आणि त्या तीन चौकटी अजून फुलीविनाच आहेत. तुमच्याही भिंतीवर माझा एखादा भाऊबंद असेल, त्याच्यावरही काही ना काही राहिलेलं असेल. कळवळून सांगतो, राहिलंय ते राहू द्या. पेपरला मात्र जा.