जिवंत आहे म्हणणारी

"ताई, एकदा ऐकाच हे. पोट धरून हसाल," असं म्हणत सोनुनने आपला फोन खिडकीतून आत सरकवला.

उलकानच्या हातांत कुणाचा तरी ओला कोट होता. तो खुंटीला अडकवून तिने हात पुसले. आमच्या काराकोलच्या दवाखान्यात हिवाळ्यात कोट घालून डॉक्टरांसमोर जाता येत नाही. दारातच तो उलकानकडे द्यायचा, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि मग वर जायचं. नवरा गेल्यापासून उलकान त्या खिडकीमागे बसत असे. सोनुन फरशा पुसायची आणि पुसता पुसता गावभरच्या गोष्टी सांगायची.

सोनुनने बटण दाबलं. बाईचा आवाज आला, मऊ आणि थोडा बसलेला.

"बहिणी, तुझ्या घरचा पुरुष जिवंत आहे. तो तुझ्याकडे यायला निघालाय. पण शनी उंबरठ्यावर आडवा पडलाय, म्हणून त्याचा पाय आत पडत नाही..."

"शनी कशाला मरायला येतोय आमच्या उंबरठ्यावर!" सोनुन म्हणाली. "तिथे रोज माझा नवराच आडवा पडलेला असतो. आणि म्हणे जिवंत आहे! अगं बये, तो जिवंत आहे हेच तर माझं दुखणं आहे. मी हिला दारू सुटायचा उपाय विचारला होता."

उलकान हसली नाही. ती ऐकत होती. आवाजामागे कुठेतरी चमचा पडला. फरशीवर आपटून तो जरा घरंगळला. बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "धीर सोडू नकोस. तुझा धीर हीच त्याची वाट."

"पुन्हा लाव," उलकान म्हणाली.

"आवडलं होय?"

"पुन्हा लाव गं."

सोनुनने पुन्हा लावलं. चमचा पुन्हा पडला. तेवढ्यात एक म्हातारा बिल्ला घेऊन खिडकीशी आला. उलकानने त्याचा कोट काढून दिला, त्याची टोपी बाहीत खोचलेली होती तीही दिली, आणि ती स्टुलावर बसली.

"ताई, काय झालं? तोंड का असं पांढरं पडलंय?"

"काही नाही. उभं राहून पाय भरून आलेत."

हाच निरोप उलकानच्या फोनमध्ये होता. शब्द तेच, थांबणं तेच, चमचाही तोच. तिने तो इतक्या वेळा ऐकला होता की चमचा पडायच्या आधी तिचे डोळे आपोआप मिटायचे. त्या चमच्यावरच तिचा विश्वास बसला होता. ही बाई आपल्यासारखीच स्वयंपाकघरात बसून बोलते, तिच्याही हातून वस्तू पडतात, असं तिला वाटलं होतं.

तिचा मुलगा एर्मेक रशियात बांधकामावर गेला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दर रविवारी फोन करायचा. एकदा म्हणाला, आता आणखी वर, उत्तरेकडे काम मिळतंय, तिथे थंडी फार आहे पण पगार बरा आहे. त्यानंतर दोन रविवार फोन आला आणि मग त्याचा नंबर बंद लागू लागला. सोबत गेलेली मुलं म्हणाली, तो आमच्याबरोबर नव्हता, दुसऱ्या टोळीबरोबर गेला. त्या टोळीतलं कुणी सापडलं नाही.

पोलिसांत जायचं ठरलं होतं. सून नुरझादाने त्याचा फोटोही काढून ठेवला होता. त्याच सुमारास उलकानला फोनवर एक ताऱ्यांचा फोटो दिसला. निळं आकाश, मध्ये पांढरा रुमाल बांधलेली बाई, खाली लिहिलेलं, ‘आयसुलू. उघड्या डोळ्यांची. तारे वाचून हरवलेल्यांची वाट सांगते.’ खाली किती बायांनी आभार मानले होते. उलकानने एर्मेकची जन्मवेळ लिहून पाठवली.

तो निरोप लगेच आला. जिवंत आहे.

एवढं सरळ तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे बाईने आणखी सांगितलं. पोलिसांत जाऊ नकोस, हरवलेला म्हणून नाव लागलं की तारा ते नाव सोडून देतो. सुनेला माहेरी पाठवू नकोस, तिच्या पायाला त्याच्या वाटेचा दोरा बांधलाय. हे कुणाला सांगू नकोस, सांगितलं की फळ जातं. पेन्शनच्या दिवशी बाईचा निरोप हमखास यायचा, दिव्याचं तेल संपत आलंय म्हणून, आणि उलकान दिव्याचे पैसे पाठवायची. असे तीन हिवाळे गेले.

नुरझादाची आई टोकमोकहून फोन करायची. "विहीणबाई, पोरीचं वय आहे अजून. ती सधवा की विधवा, ते तरी आम्हाला सांगा." उलकान म्हणायची, "वसंतात येईल तो. रस्ता उघडतोय." नुरझादा शेजारी बसून बटाटे सोलत असायची. मान वर करायची नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन उलकानने चहा केला, प्यायली, कप विसळला. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बर्फात हात फार वेळ राहिला की बोट चावलं तरी कळत नाही, तसं काहीसं झालं होतं. दुसऱ्या दिवशीही ती कामावर गेली, कोट घेतले, कोट दिले.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने सोनुनला खिडकीच्या आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. सोनुनचं तोंड उघडंच राहिलं. हातातलं फडकं बादलीत टाकायचंही तिला सुचेना.

"तीन वर्षं, ताई? आणि मी मेली तुमच्यापुढे खिदळत होते!"

"तू खिदळलीस म्हणून कळलं."

"पण एखादे वेळी... म्हणजे निरोप एकच असेल, पण तुमच्या बाबतीत खरा असेल..." सोनुन बोलता बोलता थांबली. स्वतःलाच ते पटलं नसावं.

"तेच मलाही वाटतंय," उलकान म्हणाली. "अजून वाटतंय. म्हणून तिला एक विचारायचंय. माझी बोटं नीट चालत नाहीत. तू लिही."

"काय लिहू?"

"लिही, माझा धाकटा मुलगा आजारी आहे. त्याचं काय होईल?"

"तुम्हाला धाकटा कुठाय?"

"लिही तू. नाव लिही, अकतोश."

सोनुनने तिच्याकडे पाहिलं. अकतोश म्हणजे पांढऱ्या छातीचा. आमच्याकडे दर चौथ्या अंगणात या नावाचा कुत्रा असतो. माणसाला हे नाव कुणी ठेवत नाही. उलकानचा अकतोश एर्मेक शाळेत असतानाच म्हातारा होऊन मेला होता.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. या वेळी आवाज नव्हता, लिहिलेलं होतं. सोनुनने वाचून दाखवलं. "बहिणी, तुझ्या अकतोशच्या डोक्यावर काळी सावली दिसते. पण घाबरू नकोस. सावली निघाली की पुढच्या वर्षी त्याचं लग्न होईल, सोन्यासारखी सून येईल. दोन्ही मुलांसाठी दोन दिवे लावावे लागतील."

सोनुनला हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला, तरी खांदे हलत राहिले, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "कुत्र्याचं लग्न लावते रांड! किरगीज बाई असती तर हे नाव ऐकून एकदा तरी विचारलं असतं. ताई, ही आपल्यातली नाहीच. बाई आहे की बाप्या, देव जाणे."

"आवाज तर बाईचा आहे," उलकान म्हणाली.

"चला पोलिसांत. आत्ताच्या आत्ता. मी येते बरोबर, माझाही निरोप दाखवते."

"उद्या," उलकान म्हणाली. "आधी घरी सांगायला हवं."

घरी नुरझादा कपड्यांना इस्त्री करत होती. उलकान कोट न काढताच बसली. फोन टेबलावर ठेवला आणि तो निरोप लावला. बाईचा आवाज खोलीत घुमला. चमचा पडला. धीर सोडू नकोस.

"हे खोटं आहे," उलकान म्हणाली. "सोनुनलाही हेच आलंय. सगळ्यांना हेच जातं. तुला मी हिच्या सांगण्यावरून अडकवून ठेवलं."

नुरझादाने इस्त्री उभी केली, तिची वायर काढली. घाई केली नाही.

"मला माहीत होतं, आई."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही मोरीत गेलात की फोन बाहेर राहायचा. पहिल्याच वर्षी मी ऐकलं होतं. त्या बाईचा फोटो कुठल्या तरी नटीचा आहे. दुसऱ्या नावाखाली, दुसरा रुमाल बांधून तोच फोटो मी पाहिलाय."

"मग बोलली का नाहीस?"

नुरझादाने इस्त्री झालेल्या कपड्याची घडी घातली. मग म्हणाली, "तुम्ही ते ऐकलं की जेवायचात. ज्या दिवशी ऐकायचा नाहीत, त्या दिवशी ताट तसंच राहायचं."

उलकानने कोटाची बटणं काढायला घेतली. बोटांना जमेना. नुरझादाने पुढे येऊन ती काढली, एकेक, लहान मुलाची काढावी तशी.

"आणि मलाही," ती बटणाकडे बघत म्हणाली, "कधी कधी ऐकावंसं वाटायचं."

दुसऱ्या दिवशी तिघी गेल्या. पोलीस ठाण्यातला अधिकारी तरुण होता, एर्मेकच्याच वयाचा असेल. त्याने सोनुनचं सगळं ऐकून घेतलं. तिने कुत्र्याचं लग्न दोनदा सांगितलं, तेही ऐकलं. मग तो म्हणाला, "मावशी, ही माणसं कुठे बसलेली असतात, आम्हालाही पटकन सापडत नाही. तक्रार घेतो. पण मुलाचं आधी यायला हवं होतं."

"हो," उलकान म्हणाली.

त्याने नमुना घ्यायला आत हाक मारली. आतून एक बाई हातमोजे घालून आली. तिने उलकानला तोंड उघडायला सांगितलं आणि कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली. उलकानला वाटलं, एवढंच होतं तर. तीन वर्षं आपण एवढंच टाळत होतो.

उत्तर वसंतात आलं. जर्दाळूंना फूल धरलं होतं. त्या तरुण अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं नाही, तो स्वतः आला, बूट दारात काढले, चहा घेतला. मग सांगितलं. उत्तरेकडच्या एका गावात नदीचं बर्फ वितळल्यावर एक माणूस सापडला होता. कागद नव्हते, ओळख पटली नव्हती, तिथल्या लोकांनी पुरला होता. नमुना जुळला.

"कधी?" नुरझादाने विचारलं.

"पहिल्याच हिवाळ्यात. फोन बंद झाला तेव्हाच बहुतेक."

म्हणजे उलकानला तो पहिला निरोप आला तेव्हा तो बर्फाखाली होता. तिने हे मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं. कुठे टोचलं नाही. तिने अधिकाऱ्याला आणखी चहा ओतला. त्याने नको म्हटलं नाही.

मग माणसं आली, गेली. मुल्लाने कुराण वाचलं. रडणाऱ्या बायांनी रडून घेतलं, उलकान त्यांच्यामध्ये बसून राहिली. नुरझादाच्या आईने या वेळी काही विचारलं नाही, फक्त चाळीसाव्या दिवसानंतर गाडी पाठवते म्हणाली. उलकान म्हणाली, "पाठवा." नुरझादा म्हणाली, "उन्हाळ्यानंतर जाईन." सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं आणि विषय तिथेच राहिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी उलकान सकाळी लवकर उठली. तिने कणीक मळली, लाटली, बोरसोक तळायला चौकोन कापले आणि कढईत तेल तापवलं. मेलेल्यांना खाता येत नाही, पण तापल्या तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो, असं आमच्याकडे मानतात. पहिला घाणा टाकला तसा घरभर वास सुटला. नुरझादा दारात येऊन उभी राहिली.

"कुणाच्या नावाने, आई?"

"एर्मेकच्या," उलकान म्हणाली. "खिडकी उघड. वास कोंडून राहिलाय."

नुरझादाने खिडकी उघडली. दोघी कढईशी उभ्या राहिल्या, बोरसोक फुगून वर येईपर्यंत.

सात घरी वाटायचे असतात. शेवटचं घर कुंपणापलीकडच्या झिनैदाचं होतं. म्हातारी रशियन बाई, तिची सगळी मुलं केव्हाच देश सोडून गेलेली. उलकानने कुंपणावरून ताटली पुढे केली.

"माझ्या एर्मेकसाठी," ती म्हणाली.

झिनैदाला आमची प्रार्थना येत नव्हती. तिने एक गरम बोरसोक उचलला, या हातातून त्या हातात केला आणि तिथेच उभी राहून खाल्ला, सगळा, सावकाश. मग ताटली घेऊन आत गेली. रिकामी ताटली परत करत नाहीत. ती बाहेर आली तेव्हा ताटलीत गेल्या मोसमातली सफरचंदं होती, तळघरात हिवाळा काढून सुरकुतलेली.

उलकानने ताटली दोन्ही हातांनी घेतली. त्यातलं एक सफरचंद तिने कोटाला पुसलं आणि कुंपणाशी उभ्या उभ्या चावलं.

गोड होतं.