बेटावरून आणलेला ढोल

मी ढोल बोलतोय. बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, दोन खिळ्यांना टांगलेला. येणारे-जाणारे म्हणतात, "काय शोभतोय!" पण मी काही शोभेसाठी जन्मलो नव्हतो.

माझा जन्म एका बेटावरचा. वादळात आडव्या झालेल्या फणसाचं खोड एका म्हाताऱ्याने महिनाभर पोखरलं, दोन्ही तोंडांना चामडं चढवलं, वाद्या ओढल्या. शेजारी त्याची बायको गात बसायची. "अजून जरा खालचा सूर लावा," ती म्हणायची, की तो पुन्हा वाद्या सैल करायचा. तिच्या गळ्याशी जुळेपर्यंत त्याने मला हातावेगळं केलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा थोरला मीच, धाकटाही मीच.

समुद्राच्या दमट हवेने माझं चामडं सैल पडायचं. मग म्हातारा मला विस्तवाजवळ धरून शेकायचा, लहान मुलाचं अंग शेकावं तसा. संध्याकाळी सुट्टीला आलेली माणसं किनाऱ्यावर जमायची. म्हातारी बेटाची जुनी गाणी म्हणायची, मी साथ द्यायचो. माणसं फोटो काढायची आणि जेवायला निघून जायची.

एकदा एक जोडपं आलं, सात वर्षांच्या लेकीला घेऊन. तिला सगळे छकुली म्हणायचे. इतर मुलं लाटांत डुंबायची, ही आठही दिवस म्हातारीला चिकटलेली. म्हाताऱ्याने तिला ठेका शिकवला. निघायच्या दिवशी तिने मला मिठी मारून असं भोकाड पसरलं की होडीवाल्यानेही होडी थांबवली.

"देऊन टाका तिला," म्हातारी म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? मग तू गाणार कशावर?"

"गाईन तशीच. पुढच्या सुट्टीत आणतीलच की ते."

छकुलीची आई गहिवरली. "आणणार म्हणजे आणणार, आजी. शब्द देते."

वर्षभर छकुलीने मला हौसेने वाजवलं. मग खालच्या मजल्यावरून तक्रार आली, मग तिचा अभ्यास वाढला. पुढची सुट्टी बर्फात गेली, त्यापुढची आणखी कुठे. भिंतीत खिळे ठोकले गेले. खोलीतल्या गार, कोरड्या हवेत माझं चामडं कडक होत गेलं.

नऊ वर्षांनी बेट पुन्हा ठरलं. छकुलीने मला खाली काढलं, चादरीत गुंडाळलं. माझ्या तर अंगात वारं भरलं!

"हे धूड कुठे नेतेस?" बाबा म्हणाले. "वाटेत मोडेल. फोटो काढ, तो दाखवू."

फोटो गेला. मी राहिलो.

परत आल्यावर आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "आजी अंथरुणाला खिळल्यात हो. आजोबा धक्क्यावर आले होते. सगळं सामान उतरेपर्यंत होडीत बघत राहिले. मग विचारलं, 'तो कुठंय?' यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यावर आजोबांनी बोटांनी हळूच थाप मारली. म्हणाले, 'छान ठेवलाय. तिला एकदा गायचं होतं, एवढंच.'"

"अगंबाई! बाकी बेट कसं होतं?"

"सुंदर! पाणी म्हणजे नुसतं निळंशार..."

छकुली ताडकन उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना तिने मला खाली घेतलं. बेटावरच्या हॉटेलात फोन लावला. तिथल्या माणसाने फोन म्हातारीच्या उशाशी नेला.

"आजी, मी वाजवते. तुम्ही गा."

पलीकडून आवाज आला. दोऱ्यासारखा बारीक, पण तोच! छकुलीने पहिली थाप मारली. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला. दुसऱ्या थापेला माझं वाळकं चामडं या काठापासून त्या काठापर्यंत फाटलं.

गाणं थोडं पुढे गेलं. मग थांबलं. माझ्यासाठी थांबलं होतं ते.

"आजोबा, फाटला हो," छकुली हुंदके देत म्हणाली.

पलीकडून म्हातारा म्हणाला, "असू दे, पोरी. ऐकलं तिनं."

पंधरवड्याने हॉटेलातून निरोप आला. म्हातारी गेली होती.

बाबांनी मला फाटकी बाजू भिंतीकडे करून पुन्हा टांगलं. छकुली हल्ली माझ्याकडे बघत नाही. तिला कुणीतरी सांगा हो, तिची काही चूक नव्हती. पण एकदा मला त्या म्हाताऱ्याच्या दारात नेऊन ठेव म्हणावं. वाजायला नको मला. त्याच्याजवळ नुसता बसून राहीन.