आलुबुखाराचा अर्क

"संयम असेल तर माणूस फळालासुद्धा अमर करू शकतो," असं चष्मेवाले रविवारी हातात पेला धरून म्हणाले होते, आणि त्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याच्या मेजवानीला जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या होत्या. मंगळवारी सकाळी तेच चष्मेवाले चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत दोन बरण्यांसमोर उभे होते, आणि ती मंडळी किती टिकणार याचा हिशेब करत होते.

फळ म्हणजे आलुबुखार. दर हंगामात चष्मेवाले पिकलेले आलुबुखार निवडून आणत, शिवणाच्या सुईने प्रत्येकाला टोचे मारत, रुंद तोंडाच्या बरणीत साखरेबरोबर रचत आणि वरून पिण्याचं कडक स्पिरिट ओतत. मग ती बरणी पांघरुणांच्या कपाटात, अंधारात. मधूनमधून जाऊन ते ती हलवत, तान्ह्या मुलाला हलवावं तशी. काही महिन्यांनी माणकासारखा रंग उतरे. त्याला कोणी दारू म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते 'अर्क' म्हणत. मेव्हणा मात्र दारूच म्हणे आणि सगळ्यांत जास्त तोच पीत असे.

मेजवानीच्या दिवशीही "चव बघतो" म्हणत मेव्हण्याने बरणी अर्ध्यावर आणली. पाहुणे दारात आलेले. चष्मेवाल्यांनी दुकानामागच्या खोलीच्या कोपऱ्यातली स्पिरिटची बरणी उचलली आणि अर्कात भर घातली.

आता गोष्ट अशी, की त्या कोपऱ्यात बरणी कधीच नसे. तिथे दोन कळकट कॅन असत. एकात पिण्याचं स्पिरिट, दुसऱ्यात भिंगं पुसायचं, ज्याच्यावर चष्मेवाल्यांनी लाल रंगाने भलीमोठी फुली मारून ठेवली होती. मेजवानीसाठी घर आवरताना बायकोने ते कॅन हलवले होते आणि त्यांच्या जागी दोन सुबक, एकसारख्या काचेच्या बरण्या आल्या होत्या. फुली एकीवरही नव्हती.

सोमवारी दुकान बंद. मंगळवारी सकाळी एक भिंग पुसायला म्हणून चष्मेवाल्यांनी बरणीकडे हात नेला, आणि रविवारी अर्कात यांतली नेमकी कुठली ओतली, हे आपल्याला ठाऊक नाही असं त्यांच्या लक्षात आलं.

भिंगं पुसायचं स्पिरिट पोटात गेलं की माणसाचे डोळे जातात, आणि मग माणूस. इतरांनी हे कुठेतरी उडत उडत ऐकलेलं असतं. चष्मेवाल्यांना धंद्यामुळे तपशीलवार माहीत होतं. त्यांनी एका बरणीचा वास घेतला, मग दुसरीचा. दोन्हींचा वास अगदी सारखा आला, आणि हीच गोष्ट त्यांना सर्वांत भयंकर वाटली.

बायकोला विचारणं हा सरळ मार्ग होता. पण मग ती "का हो?" म्हणाली असती, आणि त्या 'का हो'ला उत्तर द्यावं लागलं असतं. डॉक्टरला बोलावणं हा शहाणपणाचा मार्ग होता. त्यातही बोलावं लागलं असतं. चष्मेवाल्यांनी तिसरा मार्ग काढला. रविवारी ज्यांनी ज्यांनी पेला उचलला, त्या सगळ्यांना त्यांनी डोळे तपासायला बोलावलं. फुकट.

आधी स्वतःची तपासणी. खुर्चीत बसून त्यांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. क्षणभर जिवात जीव आला. मग लक्षात आलं, की तो तक्ता त्यांना वीस-एक वर्षांपासून पाठ आहे.

मेव्हणा आला तो जांभया देत.

"भाऊजी, फुकट म्हणालात म्हणून आलो. एरवी माझे डोळे शाबूत आहेत."

"शाबूत आहेत? नक्की?" चष्मेवाल्यांनी त्याचा हातच धरला. "पोटात काही? डोकं?"

"डोकं काल दुखत होतं. ते तुमच्या दारूने दरवेळी दुखतं."

"वाच. शेवटची ओळ वाच."

मेव्हण्याने शेवटची ओळ वाचली, आणि तिच्याखाली मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं छापखान्याचं नावही वाचलं. चष्मेवाल्यांनी घाम पुसला. पण रेड्यासारखी तब्येत असलेल्या माणसावरून जगाचा अंदाज बांधता येत नाही.

एवढ्यात दुकानासमोर पिवळी बस थांबली. व्याही शाळेची बस चालवत. सकाळची फेरी उरकून ते आले होते. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, तपकिरी काचांचा चष्मा. येताना दाराच्या पायरीला अडखळले. चष्मेवाल्यांनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"बसा, व्याहीबुवा. अगदी साधी तपासणी."

"कशाला तसदी? मला लांबचं स्वच्छ दिसतं."

"मग वाचाच तुम्ही. चष्मा काढा. सर्वांत वरचं अक्षर."

व्याही तक्त्याकडे बघत राहिले. तक्त्याकडे म्हणजे, तक्त्याच्या बाजूला कॅलेंडर होतं त्याच्याकडे.

"ग," ते शेवटी म्हणाले.

तिथे ग नव्हता. तिथे हाताच्या पंजाएवढा म होता.

"पुन्हा बघा," चष्मेवाले म्हणाले.

"मग... प असेल."

चष्मेवाल्यांनी खुर्चीचा दांडा धरला. मुलीचं लग्न, दुकान, पोलिस, वर्तमानपत्रातला फोटो, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. त्यांना सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. आणि सकाळपासून नव्हे, जन्मभर पोटात साठवल्यासारखं ते बोलून गेले:

"मी घातलं विष तुम्हाला! रविवारच्या अर्कात. काचा पुसायचं स्पिरिट होतं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला!"

गल्ल्यावर बसलेली बायको धावत आत आली. मेव्हण्याने आपलं पोट दोन्ही हातांनी धरलं.

"कसलं स्पिरिट? कुठलं?" बायको म्हणाली.

"त्या बरण्यांतलं! दोन बरण्या केल्यास ना तू, एक पिण्याची, एक पुसायची..."

"अहो, शुद्धीवर आहात का? ते फुलीवालं घाण मी चांगल्या बरणीत कशाला ओतीन? ते जिन्याखाली आहे, कॅनमध्ये. पिण्याचं एका बरणीत मावेना, म्हणून दोन केल्या."

मग मेव्हणा हसायला लागला. हसता हसता खाली बसला. "भाऊजी, तुम्ही ना... मी तर मनातल्या मनात वाटण्यासुद्धा करून टाकल्या होत्या!" बायकोही पदर तोंडाला लावून हसली. चष्मेवाले हसले, रडलेही थोडे.

व्याही हसले नव्हते. ते खुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, तोंड कॅलेंडरकडे.

हळूहळू सगळ्यांचं हसू थांबलं. अर्कात काही नव्हतं. मग तो म का दिसेना?

चष्मेवाले त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "व्याहीबुवा, कधीपासून?"

व्याही कॅलेंडरकडेच तोंड ठेवून बोलू लागले. "माझ्या वडिलांचे डोळे असेच गेले. शेवटी त्यांना भिंतीला धरून चालावं लागे. मला वाटलं, आता माझी पाळी. घरात कोणाला बोललो नाही. रस्ता पाठ आहे हो मला. वळण, खड्डा, थांबा, सगळं."

चष्मेवाल्यांना पाठ असण्याची किंमत सकाळीच कळली होती.

"रोज गाडी सुरू करताना देवाचं नाव घेतो," व्याही म्हणाले. "हे तुमच्या मुलीला सांगणार?"

"आधी बघू तरी द्या."

चष्मेवाल्यांनी बॅटरी लावली. एका बुबुळामागे दुधाचा थेंब गोठावा तसं पांढरं होतं. दुसऱ्यातही बरंच धरलं होतं.

"मोतीबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून खात्री करून घेऊ. पण हा निघतो. लोक सकाळी जातात आणि दुपारी घरी येतात."

व्याह्यांनी खिशातून बसची किल्ली काढली, चाचपत टेबलाची कड शोधली आणि किल्ली तिथे ठेवली.

"शाळेत फोन तुम्हीच करा," ते म्हणाले. "मला आकडे दिसत नाहीत."

चष्मेवाल्यांनी फोन केला. शाळेला ऐन वेळी दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही. त्या दुपारी मुलं चालत घरी गेली. बहुतेकांची घरं शाळेपासून दोन गल्ल्या सोडूनच होती.