पंचावन्न इंची जिना

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी लॅपटॉप टेबलावरून पडला, आणि पडला तोही तोंडावर. सूनबाईनं उचलून उघडला तेव्हा आत सगळं शाबूत होतं. पंखा फिरत होता, कॅमेऱ्याशेजारचा हिरवा ठिपकाही लागत होता. फक्त पडद्यावर कोळ्यानं जाळं विणावं तशा भेगा गेल्या होत्या आणि त्यामागे मिट्ट काळोख.

दुसरा कुठला दिवस असता तर तिनं नशिबाला चार शिव्या घालून दुकान गाठलं असतं. पण आज चार वाजता डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ कॉल होता. आठ वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या सहीचे नकाशे काढून तिनं तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडली होती, आणि दातांच्या या डॉक्टरीणबाईंचं घर हे तिचं स्वतःचं पहिलं काम ठरणार होतं. ठरणार होतं म्हणजे, ठरलं तर. त्यांनी एका मोठ्या ऑफिसकडूनही नकाशा मागवला होता आणि दोहोंतला कुठला, ते आज सांगणार होत्या.

दुकानदार म्हणाला, पडदा यायला चार दिवस. मग तिनं नवऱ्याला फोन लावला.

"टीव्हीला जोड ना," तो म्हणाला. "चांगला पंचावन्न इंची आहे. एका वायरचं काम."

"आणि बाबांना काय सांगू?"

"मला मीटिंग आहे," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

बाबा म्हणजे तिचे सासरे. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं होतं, त्यातली शेवटची बारा वर्षं मुकादम म्हणून. निवृत्त झाल्यापासून ते स्वतः हलायचे बंद झाले होते. दहा ते एक टीव्ही, तीन ते सहा टीव्ही. त्यातही चार वाजताची चर्चा त्यांना प्राणाहून प्रिय. तिच्यात चौघं एकाच वेळी ओरडत आणि पाचवा त्यांना गप्प करण्यासाठी ओरडत असे.

"किती वेळ लागेल?" बाबांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत."

"म्हणजे आजचा दिवस बुडाला."

"बाबा, माझं पहिलं काम आहे."

"मी कुठं नाही म्हणतोय? घे. पण रिमोट माझ्याकडं राहील."

वायर हातभरच लांब निघाली. त्यामुळे लॅपटॉप टीव्हीला खेटून त्याच्याच बुटक्या कपाटावर ठेवावा लागला, कॅमेऱ्याचं तोंड खोलीकडे. सूनबाईनं इस्त्रीचा टेबल समोर ओढला, त्यावर कीबोर्ड आणि माऊस मांडला आणि ती स्टुलावर बसली. टीव्हीवर नकाशा आला. आला खरा, पण चारी बाजूंनी छाटलेला. टीव्हीची ही खोडच असते. चित्र थोडं फुगवायचं आणि कडा गिळून टाकायच्या. सिनेमात कुणाच्या लक्षात येत नाही. इथं मात्र वरचा मेनू गडप झाला होता, खालचं घड्याळ गडप झालं होतं आणि घराची पश्चिमेची भिंत शेजाऱ्यांना दान केल्यासारखी दिसत होती.

"बाबा, सेटिंगमध्ये जा. चित्राचा आकार. आता खाली. अजून खाली. 'जसं आहे तसं' दिसतंय?"

"दिसतंय."

"दाबा."

भिंत परत आली. मग अक्षरांभोवती पांढरी झालर दिसत होती, म्हणून सेटिंगमधली धार, म्हणजे शार्पनेस, शून्यावर आणली. मग माऊसचा बाण हाताच्या मागून रमतगमत येत होता, म्हणून खेळाचा मोड लावायचा ठरला.

"आपण खेळणार आहोत का?"

"नाही हो बाबा, त्या मोडमध्ये बाण लवकर पळतो."

"मग पळायचा मोड म्हणायचं. खेळ कशाला म्हणायचं?"

साडेअकराला कुठं कामाला सुरुवात झाली. बाबा उठून आत जातील अशी तिची अटकळ होती, ती साफ चुकली. टीव्ही चालू असताना उठून जायची त्यांना सवयच नव्हती. आपल्या खुर्चीत, पाय चौरंगावर, रिमोट मांडीवर, असे ते बसले आणि जे लागलंय ते बघू लागले.

"ही कुठली भिंत?"

"दवाखान्याची. खाली दवाखाना, वर घर."

"आणि इथं कोण राहतं?"

"डॉक्टरांच्या आई."

"म्हाताऱ्या बाईला वर चढवलंस?"

"त्यांनीच मागितलं. खाली लोक दात काढताना ओरडतात म्हणे."

तासाभरात बाबा त्या घरात राहायलाच गेले. स्वयंपाकघरातला उजेड त्यांना पसंत पडला. मोरीचा दरवाजा उलट्या बाजूला उघडत होता, तो त्यांनी सुलटा करून घेतला. ते बरोबर होतं, हे सूनबाईला मुकाट्यानं मान्य करावं लागलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर चूक लपायला जागाच नव्हती.

पावणेचारला त्यांनी आईंच्या खोलीकडे बोट केलं. "हे काय?"

"कपाट. त्यांच्या लग्नातलं, सागवानी. त्यांच्यासाठी मुद्दाम जागा ठेवलीय."

"सुटं होतं?"

"नाही, अखंड आहे. सात फूट उंच, चार रुंद, दोन खोल. माप त्यांनीच पाठवलंय."

"छान काढलंयस," बाबा म्हणाले. "पण ते वर गेलं कसं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू ते थेट वर काढलंस. चौघं ते खालून नेणार. जिन्यानंच ना?"

"बाबा, पंधरा मिनिटं राहिलीत. नंतर बघू."

चार वाजता कॉल लागला. डॉक्टरीणबाई दवाखान्यातून बोलत होत्या, गळ्यात मास्क लटकलेला. शेजारी चष्म्याची दोरी सावरत त्यांच्या आई. सूनबाईनं नकाशा त्यांच्या पडद्यावरही दिसेल असं केलं आणि ती बोलू लागली. छान बोलत होती. दवाखान्याचं दार वेगळं, घराचं वेगळं, मध्ये जिना. जिन्यावर आली तेव्हा तिनं चित्र मोठं केलं.

बाबा नेमकी एवढ्या मोठ्या चित्राचीच वाट बघत होते. ते खुर्चीतून उठले, टीव्हीसमोर गेले आणि त्यांनी हातातला रिमोट काचेवर आडवा धरला. आडवं केलेलं सात फुटी कपाट नकाशाच्या मापात जेवढं भरलं असतं, जवळपास तेवढाच रिमोट होता, लांबीला आणि रुंदीलासुद्धा. त्यांनी रिमोट पहिल्या पायरीशी लावला आणि हळूहळू वर सरकवायला सुरुवात केली. तोंडानं बारीक आवाजात, "होऽऽ... होऽऽ... मागच्यानं उचल..."

रिमोट वळणाशी पोचला आणि अडकला. बाबांनी तो तिरका केला. एक टोक भिंतीत घुसलं. दुसरीकडून तिरका केला. दुसरं टोक घुसलं.

सूनबाईनं मनात माप घातलं. वळणाची जागा सव्वासहा फूट, कपाट सात. उभं करावं तर चार फुटांच्या रुंदीला समोर तीनच फूट. आणि जिन्याच्या मधली भिंत काढता येत नव्हती, वरचा स्लॅब तिच्यावरच होता. आठ वर्षांत तिनं शेकडो कपाटं काढली होती. प्रत्येक कपाट आपापल्या खोलीत उगवल्यासारखं उभं होतं.

डॉक्टरीणबाईंना रिमोट दिसत नव्हता. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात त्यांना दिसत होता तो एक कान, एक खांदा आणि पुढं-मागं होणारं कोपर.

"तुमच्याकडे कुणी पडदा पुसतंय का?" त्यांनी विचारलं.

'हो' म्हणायला काहीच लागत नव्हतं. हो म्हणावं, बाबांना खुणेनं बसवावं, काम पदरात पाडून घ्यावं आणि जिन्याचं मागाहून बघावं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाही," ती म्हणाली. "ते माझे सासरे, सामान हलवणाऱ्यांचे मुकादम होते. ते तुमच्या आईंचं कपाट वर नेतायत, आणि ते जात नाहीये. माझ्या जिन्यात चूक आहे."

"बघ!" आई एकदम म्हणाल्या. "मी पहिल्या दिवसापासून विचारतेय, माझं कपाट कसं जाणार? कुणी उत्तर देतंय का? त्या दुसऱ्या ऑफिसातला तो टायवाला म्हणाला, मधून कापून घ्या."

"कापून?" बाबा कॅमेऱ्याकडे वळले, त्यांचं आख्खं नाक पडद्यावर आलं. "बाई, सागवान कापायचं? त्याला म्हणावं, आधी टाय काप."

"अहो, मी तेच म्हटलं!"

"आई, जरा थांब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "चूक आहे हे कळलं. उपाय आहे का? मला दहा मिनिटांत पेशंट आहे."

सूनबाईनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"जिना विसर," बाबा म्हणाले. "वरच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं खिडकी आहे ना? किती रुंद?"

"चार फूट."

"ती जमिनीपर्यंत खाली आण. पुढं कठडा घाल, पण स्क्रूचा, काढता येईल असा. दोन दोर, दोन फळ्या, चार माणसं. कपाट कुशीवर निजवायचं आणि सरळ आत घ्यायचं. छत किती?"

"साडेनऊ."

"मग आत उभं राहतंय."

तिनं कपाटाच्या मापाचा चौकोन काढला, म्हणजे डॉक्टरीणबाईंनाही दिसेल. खिडकी खाली ओढली, कठडा घातला, कठडा काढला. चौकोन बाहेरून आत सरकू लागला.

"जरा डावीकडं," बाबा म्हणाले. "हळू. भिंत खरवडशील."

"कोपऱ्यावर कोरीवकाम आहे हो," आई म्हणाल्या. "सांभाळून."

"गोणपाट गुंडाळलंय, काळजी नको."

चौकोन आत गेला, खोलीत वळला आणि भिंतीला टेकला. आईंनी सुटकेचा श्वास सोडला तो स्पष्ट ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "आणि ती खिडकी अशीच राहील ना, जमिनीपर्यंत? मला खुर्ची टाकून रस्ता बघत बसता येईल."

"राहील," सूनबाई म्हणाली. खोली आधीपेक्षा चांगली झाली होती, हे तिला आत्ता दिसलं.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, मागे कुणाला तरी "तोंड उघडून बसा, आले" असं सांगितलं आणि परत वळल्या.

"त्या दुसऱ्या ऑफिसला मी आजच नकार कळवते. सोमवारी तुम्ही जागेवर या. नकाशावर सही मात्र तुमचीच हवी, दुसऱ्या कुणाची नको."

"माझीच असेल," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई उठून गेल्या. कॉल बंद करायला मात्र कुणी तयार नव्हतं. आईंनी खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा पुसून घेतला.

"अहो मुकादम," त्या म्हणाल्या, "गेला नाहीत ना? माझा पलंगही अखंडच आहे."

बाबांनी सूनबाईकडे पाहिलं. तिनं नवा चौकोन काढायला घेतला. "माप सांगा, आई," ती म्हणाली.